बेटकास्टिंग रील पहिल्यांदा घेताना: गुंता का होतो, काय बघून घ्यावं आणि हात कसा बसवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कऱ्हाडचा. दोनेक वर्षं स्पिनिंग रीलवर मासेमारी करतोय. आता मरळीसाठी बेडूक लुअर, म्हणजे बेडकाच्या आकाराचं नकली आमिष, वापरायचाय, म्हणून बेटकास्टिंग घ्यायचं मनात आहे. रॉड, रील आणि लाइन मिळून नऊ-दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. दुकानदार म्हणतो, ८.१ गिअरचं, १८ बेअरिंगचं घ्या. मित्र म्हणतात, नादाला लागू नको, नुसता गुंता होतो. कोणतं घेऊ? आणि शिकायला किती दिवस लागतील?"

तुम्ही विचारलंय मॉडेल, पण अडलंय ते गुंत्यापाशी. गुंता नेमका कुठे आणि का होतो हे एकदा डोक्यात बसलं, की रील कोणतं, लाइन कोणती, सराव कसा, या तिन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात. मी साताऱ्याचा. कण्हेर, उरमोडी आणि खाली कृष्णेच्या पात्रात बरीच वर्षं गळ टाकतोय, आणि स्पिनिंगवरून बेटकास्टिंगवर येणाऱ्या पोरांना शेजारी उभं राहून शिकवतोय. जे लिहितोय ते त्यातलंच आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासून बघा. तुमची मासेमारी कशी चालते यावर हे रील तुम्हाला लागतं की नाही ते ठरतं. पेंडीचा किंवा कणकेचा गोळा लावून कटला-रोहूची वाट बघत बसायचं असेल तर बेटकास्टिंग घेऊ नका. त्या फेकीत गोळा हलक्या हाताने लांब सोडायचा असतो, आणि ते काम स्पिनिंग रील जास्त चांगलं करतं. चिलापीसाठी चार-पाच ग्रॅमचे छोटे लुअर टाकत असाल तरीही तेच. साधं बेटकास्टिंग रील सात ग्रॅमच्या खालचं वजन नीट फेकत नाही. हलक्या लुअरसाठी वेगळी रीलं मिळतात, पण ती महाग आहेत आणि पहिल्या रीलचं ते काम नाही. तुमचा बेडूक मात्र दहा ते पंधरा ग्रॅमचा असणार, तो शेवाळात आणि जलपर्णीच्या कडेला नेमक्या जागी टाकायचा आणि मरळ लागली की जाड लाइनवर तिला गवतातून ओढून काढायची. या कामासाठी बेटकास्टिंगच योग्य. त्यामुळे तुमचा विचार बरोबर आहे. स्पिनिंग रील विकू नका, एवढंच. दोन्ही लागतील.

आता गुंता. स्पिनिंग रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेलं रीळ, जागेवर उभं असतं आणि लाइन त्याच्या कडेवरून सुटत जाते. बेटकास्टिंगमध्ये लुअर लाइन ओढतो आणि त्या ओढीने स्पूल स्वतः गरगर फिरतं. विहिरीच्या रहाटासारखं समजा: दोर सैल सोडला की बादली खाली जाते आणि रहाट तिच्या ओढीने फिरतो, पण बादली पाण्याला टेकली तरी रहाट लगेच थांबत नाही, आणि वर दोराची वेटोळी सुटतात. बॅकलॅश म्हणतात तो हाच. लुअरला जेवढी लाइन हवी त्यापेक्षा जास्त लाइन स्पूल सोडतं, आणि ती जादा लाइन स्पूलवरच फुगून एकमेकांत अडकते.

एका फेकीत ही वेळ तीनदा येते. पहिली अगदी सुरुवातीला, हिसका देऊन फेकलं की स्पूल एकदम वेग घेतं आणि लुअर मागे पडतो. दुसरी मधे, हवेने किंवा समोरच्या वाऱ्याने लुअर मंदावतो पण स्पूल त्याच तोऱ्यात असतं. तिसरी लुअर पाण्याला टेकतो तेव्हा. पहिल्या दोन ठिकाणी रीलचे ब्रेक मदत करतात. तिसऱ्या ठिकाणी अंगठ्याशिवाय काहीही उपयोगाचं नाही, रील कितीही महागाचं असो. नवशिक्यांचे बहुतेक गुंते मी या तिसऱ्या ठिकाणीच होताना बघितलेत, आणि दोष मात्र रीलला दिला जातो.

रीलवर वेग आवरणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, त्यांची गल्लत करू नका. हँडलच्या बाजूला, चांदणीसारख्या ड्रॅगच्या (मासा ओढू लागला की लाइन किती ताणावर सुटावी ते ठरवणाऱ्या चकतीच्या) शेजारी एक छोटी गोल टोपी असते. ती स्पूलच्या दांड्याला टोकाकडून दाबते, म्हणजे फेकीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच घर्षण. दुसरा ब्रेक पलीकडच्या बाजूला. तो दोन प्रकारचा येतो. सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये छोटे प्लास्टिकचे ठोकळे असतात, ते स्पूल वेगात फिरलं की बाहेर फेकले जाऊन कडीला घासतात. वेग जास्त तेव्हा दाब फार जास्त, वेग उतरला की जवळजवळ नाहीच. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये चुंबक असतात. अॅल्युमिनियमचं स्पूल चुंबकाला चिकटत नाही, पण त्याच्याजवळ फिरायला लागलं की धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. काही घासत नाही, काही झिजत नाही. शिमानोची एसव्हीएस ही सेंट्रिफ्युगल पद्धत, दायवाची मॅगफोर्स ही मॅग्नेटिक. दोन्ही उत्तम आहेत.

पण पहिल्या रीलसाठी मी मॅग्नेटिकच सुचवतो, आणि त्याचं कारण साधं आहे. त्याची चकती बाहेर असते, तिच्यावर आकडे असतात, आणि दोन फेकींच्या मधे अंगठ्याने ती एक घर पुढे-मागे करता येते. शिकताना हेच सगळ्यात जास्त करावं लागतं. स्वस्तातल्या बऱ्याच सेंट्रिफ्युगल रीलांत बाजूचं झाकण उघडून ते ठोकळे नखाने चालू-बंद करावे लागतात. धरणाच्या कडेला, ओल्या हाताने, वाऱ्यात, ते कोण करतं? मग माणूस आहे त्याच सेटिंगवर झगडत राहतो. बाहेरून फिरवता येणारा सेंट्रिफ्युगल मिळत असेल तर तोही चालेल.

दुकानदाराच्या दोन आकड्यांबद्दल. बेअरिंगच्या संख्येकडे लक्ष देऊ नका. स्पूलच्या दोन टोकांना जी दोन बेअरिंग असतात त्यांच्यावर फेक अवलंबून असते. बाकीची हँडलच्या मुठीत, लाइन वाटणाऱ्या मार्गदर्शकाला सरकवणाऱ्या दांड्याच्या टोकाला अशी कुठेही बसवून डब्यावरचा आकडा वाढवता येतो. ओळखीच्या कंपनीचं चार-पाच बेअरिंगचं रील अनोळखी १८ वाल्यापेक्षा मला केव्हाही चालेल.

गिअरचं गणित मात्र करून बघण्यासारखं आहे. भरलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलीमीटर धरला तर त्याचा घेर साधारण १०७ मिलीमीटर. ६.३ चं रील म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल ६.३ वेळा फिरतं, त्यात सुमारे ६७ सेंटीमीटर लाइन आत येते, ८.१ मध्ये सुमारे ८७. बेडूक लुअर हँडलने नाही, रॉडच्या टोकाने चालवायचा असतो आणि हँडलने फक्त मधली ढील गोळा करायची, म्हणून जरा वेगवान रील बरं पडतं हे खरं. पण गिअर जितका उंच तितका ओढताना हाताला जड. मरळ शेवाळाच्या गठ्ठ्यासकट येते तेव्हा ते जाणवतं. शिवाय नवा माणूस वेगवान रीलवर लुअर पळवत आणतो. तुम्ही ७ च्या आसपास थांबा. ६.३ मिळालं तरी बेडकावर अडणार नाही, आणि उद्या दुसरे लुअर वापरायचे झाले तर उलट सोयीचं पडेल.

डावं की उजवं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पैसे देण्याआधी ते ठरवा. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टिंगचं येत नाही. जे घ्याल ते कायमचं. तुम्ही उजव्या हाताने फेकता आणि स्पिनिंगवर डाव्या हाताने गुंडाळता असं धरतो, मग डाव्या हँडलचंच घ्या. फेक झाल्यावर रॉड या हातातून त्या हातात द्यावा लागत नाही, आणि मरळ बेडूक पाण्याला टेकताक्षणी मारते तेव्हा तो अर्धा सेकंद कामाचा असतो. दुकानात डावं नाही म्हणून उजवं गळ्यात मारतात. थांबा, मागवून घ्या.

हातात रील आल्यावर काय बघायचं? हँडल धरून वर-खाली हलवा, किंचित खेळ चालतो, खडखड चालत नाही. स्पूल मोकळं सोडून बोटाने फिरवा आणि कानाजवळ धरा. एकसारखा सूं आवाज यावा, खरखर नको. सावकाश गुंडाळून लाइन वाटणारा मार्गदर्शक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता जातो का बघा. अंगठ्याची पट्टी दाबली की स्पूल सुटलं पाहिजे आणि हँडल फिरवताच खटकन बसलं पाहिजे. जुनं रील घेत असाल तर हे सगळं दोनदा करा. आणि रील मुठीत मावतंय का ते बघा. तळहातात नीट न बसणाऱ्या रीलवर अंगठा कधीच स्थिर राहत नाही.

रॉड वेगळा लागेल. तुमचा स्पिनिंगचा रॉड यावर चालणार नाही. त्याच्या कड्या खाली लोंबतात आणि मोठ्या असतात, कास्टिंग रॉडच्या लहान असतात आणि वरच्या बाजूला येतात, शिवाय पकडीखाली बोट अडकवायला आकडा असतो. साडेसहा ते सात फूट, मीडियम हेवी (मध्यमपेक्षा जरा जास्त ताकदीचा), आणि त्यावर छापलेल्या लुअरच्या वजनाच्या पट्ट्यात तुमचा बेडूक मधोमध बसला पाहिजे. दहा ते अठ्ठावीस ग्रॅम असं काही लिहिलेलं असेल तर पंधराचा बेडूक त्यावर छान जातो. पट्ट्याच्या खालच्या टोकाचं वजन लावलं तर रॉड वाकत नाही, वाकला नाही तर फेकत नाही, आणि मग माणूस जोर लावतो. तिथून पुढचा गुंता ठरलेला. तुमच्या पैशांत निम्म्याहून थोडे जास्त रीलला, उरलेल्यात रॉड आणि लाइन, असं मी वाटून दिलं असतं.

लाइन आधी मोनोच (एकाच सलग नायलॉन धाग्याची) भरा, ०.३० ते ०.३५ मिलीमीटर जाडीची. मासेमारीला पुढे वेणीची लाइन, म्हणजे ब्रेड, लागणारच. बेडूक शेवाळात चालतो, आणि पोकळ बेडूक दाबून गळ जबड्यात रुतवायला न ताणणारी लाइन हवी. ४० ते ५० पौंडाची ब्रेड त्यासाठी योग्य. पण शिकताना ब्रेडचा गुंता पडला की तो सुटता सुटत नाही, आणि जोराने ओढलं की वरचे फेरे खालच्यांत घुसतात. मोनो थोडी ताठ असते, तिचे फुगे मोठे आणि मोकळे येतात, बोटाने उकलतात. स्वस्तही आहे, खराब झालेली बिनधास्त कापून टाकता येते. स्पूल काठोकाठ भरू नका, दोन-तीन मिलीमीटर कड मोकळी ठेवा. पुढे ब्रेड भराल तेव्हा तळाला आधी थोडी मोनो गुंडाळा, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलवर निसटून फिरते आणि वाटतं ड्रॅग बिघडला.

आता सराव, आणि तो जमिनीवर. गावच्या शाळेचं मैदान, पीक निघालेलं रान, काहीही चालेल, खडी आणि डांबर नको. लुअरऐवजी पंधरा ग्रॅमचं शिसं लावा, गळ नको. सुरुवातीला पंचवीसेक मीटर लाइन हाताने बाहेर काढा, उरलेल्या स्पूलवर चिकटपट्टीचा एक फेरा मारा आणि काढलेली लाइन परत गुंडाळा. आता कितीही मोठा गुंता झाला तरी तो पट्टीच्या खाली जाऊ शकत नाही. एवढ्या एका गोष्टीने भीती निम्मी होते. मी कुणालाही चिकटपट्टीशिवाय पहिली फेक टाकू देत नाही.

सेटिंग असं करा. रॉड समोर आडवा धरा, शिसं टोकापासून एक वीत खाली लोंबू द्या, रीलवरची अंगठ्याची पट्टी दाबून अंगठा उचला. शिसं सावकाश खाली उतरलं पाहिजे, आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबलं पाहिजे किंवा जेमतेम अर्धा फेरा जादा फिरलं पाहिजे. धाडकन पडत असेल तर छोटी टोपी आवळा, उतरतच नसेल तर सैल करा. मग मॅग्नेटिक चकती दहापैकी आठ-नऊवर. लुअर बदलला, वजन बदललं, की हे पुन्हा करायचं. पाच सेकंदांचं काम आहे, मी आजही प्रत्येक लुअर बदलल्यावर करतो.

फेकताना मनगट असं वळवा की रील आडवं होऊन हाताची पाठ आकाशाकडे येईल. रॉड मागे न्या, तिथे वजन भरलेलं जाणवू द्या आणि मग एकसंध वेगाने पुढे आणा. जोर हळूहळू वाढत गेला पाहिजे, शेवटी हिसका नको. रॉड डोळ्यांसमोर आला की अंगठ्याचा दाब कमी करा, पण अंगठा स्पूलपासून दूर नेऊ नका. तो लाइनवर केसभर टेकलेला राहू दे, नखाकडची कड नाही, मऊ भाग. स्पूल पळत असताना त्याखालून लाइनचे फेरे सरकतात ते जाणवतात, आणि फुगा यायला लागला की अंगठ्याला गुदगुली झाल्यासारखी ती सैल लाइन वर आलेली कळते. तेव्हा जरासा दाब. नजर मात्र शिशावर ठेवा. ते जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी स्पूल पूर्ण थांबवा. आधी थांबवलंत तर फेक दोन मीटर कमी पडेल, काही बिघडत नाही. नंतर थांबवलंत तर गुंता.

लांबीच्या मागे लागू नका. दहा-बारा मीटरवर एक गोणपाट टाका आणि त्यावर पाडत राहा. सलग दहा-पंधरा फेकी गुंत्याविना गेल्या की चकती एक घर सैल करा. गुंता आला की एक घर परत. किती दिवस लागतील याचं उत्तर तुम्ही रोज वेळ देता का यावर आहे. रोज अर्धा तास दिलात तर आठवड्या-दोन आठवड्यांत पंधरा-वीस मीटरची भरवशाची फेक बसते. रविवारचा रविवार केलात तर पावसाळा उजाडेल.

गुंता झालाच तर ओढाताण करू नका. स्पूलवर अंगठा घट्ट दाबून धरा आणि तसाच दाब ठेवून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. मग पट्टी दाबून लाइन हलक्या हाताने बाहेर ओढा. आत अडकलेले फुगे या दाबाने चपटे होऊन मोकळे होतात, आणि बरेचदा तेवढ्यावर भागतं. अडलं तर पुन्हा तेच. सुटल्यावर तो भाग बोटांतून फिरवून बघा. मोनोला पांढरी घडी पडली असेल तर तिथून कापून टाका, मासा लागल्यावर ती तिथेच तुटते.

पाण्यावर गेलात की वारा भेटेल. आपल्या भागात चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या राहिल्या, आणि उरमोडीच्या पाण्यावर दुपारनंतर वाहणारा वारा काही वेगळा नाही. समोरून वारा असेल तर चकती दोन घरं आवळा, लुअर जड लावा, आणि डोक्यावरून न फेकता बाजूने, पाण्याला धरून खालून टाका. पहिले काही दिवस वाऱ्याला पाठ देऊन उभं राहता येईल अशीच जागा निवडा. पहाटे जा, पाणी शांत असतं, आणि मरळ हवा घ्यायला वर येते तो गोल भोवरा दिसतो. त्या भोवऱ्यावर नाही, त्याच्या दोन-तीन फूट पलीकडे बेडूक टाकून त्यावरून आणायचा. लांबून नेमकं तिथे टाकता येणं, यासाठीच तर हे रील.

ड्रॅग आधीच लावून ठेवा. लाइन सामान मोजायच्या काट्याला बांधा आणि लाइनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ती सुटली पाहिजे. दाट शेवाळात जरा जास्त आवळा. घरी आल्यावर रील ओल्या फडक्याने पुसा, वाळूवर कधी आडवं ठेवू नका, स्पूलच्या बेअरिंगला अधूनमधून पातळ तेलाचा एक थेंब, ग्रीस फक्त गिअरला. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं की फेक मेली. ठेवताना ड्रॅग सैल करा.

शेवटी पाण्याबद्दल, कारण तुम्ही कऱ्हाडचे म्हणजे टेंभूपासून खाली सांगलीपर्यंत फिरणार. धरणांवर मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. त्यांच्या माणसाला भेटून, विचारून, ठरलेले पैसे देऊनच गळ टाका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय, त्या हद्दीतल्या पाण्यात जाऊ नका. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. मरळीची जागा आणि मगरीची जागा एकच, उथळ, गवताची, कोमट. तिथे पाण्यात पाय घालून उभं राहू नका, काठावरूनही दोन पावलं मागेच थांबा. नदीकाठच्या मोटारींच्या वायरी वर बघूनच रॉड उचला, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते. आणि पावसाच्या तोंडाला लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, तर त्याच्याखाली आई-बाप राखण करत असतात. ते बेडकावर हमखास झडप घालतात, म्हणूनच तिथे टाकू नका. ती जोडी काढली तर तो सगळा घोळका चिलापीच्या आणि बगळ्यांच्या पोटात जातो.

रील घेतलंत की त्याचं नाव आणि सोबतच्या रॉडवर छापलेले आकडे इथेच लिहा. चकती कितीवर ठेवून सुरुवात करायची ते त्या जोडीप्रमाणे सांगतो.